दुपारी तीन वीस

टाचणीला गंज चढला होता आणि तो कागदात उतरला होता—दोन तांबूस डाग, एकाखाली एक, आणि मधे जिथे टाचणी कागदाच्या पाठीमागून गेली होती तिथे काहीच नाही. ब्लूमाने नखाने ती सोडवून पाहिली. निघेना. जोर केला असता तर कागद फाटला असता, आणि फाटला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं म्हणा, कारण अठ्ठावीस वर्षांत या कागदाला कुणी विचारलं नव्हतं, तो आपला लोकरीच्या मोज्यांखाली, लग्नाच्या करारनाम्याखाली पडून होता... आज त्याची गरज पडली ती स्टॉकहोमच्या लोकांनी तक्ता पाठवला म्हणून.

तक्ता छापील, नीटनेटका. मयताचं नाव, बापाचं नाव, तारीख, आपली ज्यू तिथी, आणि शेवटी एक अरुंद रकाना—मृत्यूची वेळ. या हिवाळ्यानंतर स्ट्रमविक गावची प्रार्थनेची खोली बंद होणार होती. खालच्या रंगाच्या दुकानदाराला वरची जागा हवी होती, आणि खोलीत येणाऱ्यांपेक्षा दफनभूमीत गेलेले जास्त झाले होते, तेव्हा भांडणार कोण? तोराची, धर्मग्रंथाची, गुंडाळी स्टॉकहोमला जाणार, कपाट जाणार, आणि त्यांच्याबरोबर ही सत्तेचाळीस नावंही जाणार. तिथे दरवर्षी ज्याच्या त्याच्या तिथीला नाव वाचलं जाईल, असं पत्रात लिहिलं होतं. फार सभ्य पत्र होतं. ब्लूमाला ते वाचूनच थकवा आला होता.

आणि ही वेळ कशाला हवी यांना? माणूस गेला तो गेला, तो काय गाडी पकडायला गेला होता? बहुतेकांपुढे तिने नुसती रेघ ओढली. फेगाचा मात्र कागद होता, डॉक्टरच्या सहीचा, म्हणून तिने उतरवून काढलं—फेगा, हिर्श शिफ्रिनची मुलगी, वय वर्षे सहा, घटसर्प, १४ डिसेंबर १९४३, किस्लेव महिन्याची सतरा, दुपारी तीन वीस—आणि पेन खालच्या ओळीवर गेलं, तिथे म्हाताऱ्या न्हाव्याचं नाव लिहायचं होतं, आणि तिथेच ते टेकलेलं राहिलं. शाईचा थेंब मोठा होत गेला.

दुपारी.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. बारा वाजले होते. सूर्य लाकडाच्या गिरणीच्या छपरावर जेमतेम टेकला होता, त्याहून वर तो या दिवसांत चढतच नाही. आज दोनला पाच कमी असताना बुडेल, पुढच्या आठवड्यात त्याहीआधी. तीन वीसला... तीन वीसला इथे डिसेंबरात चांदण्या असतात. असतातच. सव्वातीनला गिरणीचा भोंगा व्हायचा तेव्हा माणसं कंदील घेऊन बाहेर पडायची. आणि आपल्यात दिवस काही मध्यरात्री बदलत नाही. सूर्य बुडाला की दुसरी तिथी लागली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

म्हणजे फेगा सतराला गेली नव्हती. अठराला गेली होती.

अगं बाई, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि प्रार्थनेच्या रिकाम्या खोलीत तो आवाज फारच बावळट वाटला. तिने पुन्हा हिशोब केला, बोटांवर केला, जसा विणकामाच्या टाक्यांचा करतात. तोच आला. मीच सांगितलं होतं त्याला... हिर्श कापडाचे नमुने घेऊन दक्षिणेच्या गावांत फिरत होता, बर्फात बस अडकली, साडेसहाला दारात आला, आणि त्याने एवढंच विचारलं—कधी? आणि मी म्हटलं, दुपारी. त्याने मग भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, कोपनहेगनला छापलेलं, त्या दिवसावर बोट ठेवलं आणि सतरा वाचलं. दुपारी म्हटल्यावर कोण उठून सूर्य बघायला जातं? कोपनहेगनला दुपारी त्या वेळेला थोडं ऊन असतंही.

अठ्ठावीस वर्षं. एकदाही त्याने तिची तिथी चुकवली नव्हती. न्यूमोनियातून उठला त्या वर्षीही दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून हा जिना चढला होता. तो फार बोलणारा माणूस नाही, पण एकदा, दुकान विकलं त्या रात्री, म्हणाला होता, “ब्लूमा, बाप म्हणून मी कुठे पुरा पडलो? ती गेली तेव्हा घरीसुद्धा नव्हतो. पण तिचा दिवस... तेवढं एक बिनचूक केलं बघ.” आता त्याला काय सांगायचं? की बाबा रे, तेही नाही?

आणि न सांगावं तर पोरीला एकदाही, एकदाही तिच्या स्वतःच्या दिवशी कद्दिश मिळालेला नाही. कद्दिश, मेलेल्यांसाठीची ती प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि ते दहा आज होते. सप्टेंबरपासून हिर्श फोन करत होता, त्यांच्या विनवण्या करत होता. गावातले उरलेले पाच, किनाऱ्यावरच्या शहरातले पाच, रविवार म्हणून जमले; पुन्हा या खोलीत दहा जण होतील ही आशा करायलाही आता अंगात बळ नव्हतं. आज सतरा. दोनला पाच कमी असताना अठरा लागेल. आणि पाहुण्यांची परतीची गाडी दोन चाळीसला.

जिन्यावर बूट आपटल्याचा आवाज झाला. हिर्श आधी आला, हातात लाकडं. मागून बाकीचे, दाढ्यांवर दहिवर, आणि सगळ्यांत शेवटी लेझर कागान, फरच्या टोप्या विकणारा, पंचावन्नचा ब्रह्मचारी, जो आला की खोली लहान वाटते. माणसं मोजायची नसतात, मोजली की दृष्ट लागते, म्हणून तो आपल्या आजोबांसारखा मोजत होता—प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत, “नाही-एक, नाही-दोन, नाही-तीन...”

“नाही-दहा!” शेवटची थाप त्याने स्वतःच्या पोटावर मारली. “वहिनी, बघून घ्या. हे पोट धरलं तर नाही-अकरा.”

“टोपी काढू नकोस, आणि बस आता,” म्हातारा झेलिक म्हणाला. प्रार्थना तोच सांगायचा. पंच्याऐंशीचा होता, आणि त्याच्या तोंडून अर्धे शब्द ऐकूच येत नसत, पण दुसरं कुणी सांगणारं उरलं नव्हतं.

एक वाजता दुपारची प्रार्थना सुरू झाली. ब्लूमा मागच्या बाकावर बसली, बायकांच्या. पूर्वी तिथे अकरा जणी असत आणि इतकी कुजबुज चाले की झेलिक पुस्तकावर हात आपटायचा. आता तिची ती. हिर्श उभा राहिला. त्याचा आवाज या एका दिवसासाठी जणू वर्षभर राखून ठेवलेला असायचा, स्वच्छ, सावकाश, एकेक शब्द पायरीवर पाय ठेवावा तसा. आमेन, आमेन, असं ते नऊ जण म्हणत होते आणि ती मनात म्हणत होती, अजून नाही रे, थांब, अजून ती जिवंत आहे... अजून घशात घरघर चालू आहे, मी तिला मांडीवर उभी धरलीय, झोपवलं की गुदमरते... थांब ना.

दीडला संपलं. माणसं कोटाची बटणं लावू लागली.

“कॉफी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही,” ब्लूमा म्हणाली. तिने किटली मुद्दामच थंड ठेवली होती. स्टोव्हची वात वर केली, थोडी खाली केली. वेलचीचे पाव कापले, इतके पातळ की लेझरने एक उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. हेरिंगचा डबा उघडला, किल्ली सापडत नाही म्हणाली, ती तिच्याच एप्रनच्या खिशात होती. तिचा आणि हिर्शचा उपास होता, बाकी एकेकाला कप दिला. साखरेचा खडा दातांत धरून ते फुरके मारू लागले तेव्हा पावणेदोन झाले होते, आणि तिने दुसरी किटली चढवली.

“वहिनी, आज बेत काय आहे?” लेझर म्हणाला. “मला जावई करून घेताय की काय? एवढी सरबराई माझ्या आईनेसुद्धा केली नाही.”

कुणीतरी हसलं, मग त्याच्या लक्षात आलं आज कुणाचा दिवस आहे, आणि त्याने कपात पाहिलं. लेझरचा चेहरा पडला. तिला त्याचं वाईट वाटलं. घरात मुलगी असती तर चौतिसाची असती, आणि याला तिने उंबऱ्यावरही उभा केला नसता.

“ब्लूमा,” हिर्श हळूच म्हणाला, “त्यांची गाडी आहे. काय चालवलंयस?”

“आहे ना वेळ.”

“स्टेशनपर्यंत बर्फ आहे. आणि तात्यांनाही घरी पोचवायचंय.” झेलिकला गावात सगळे तात्याच म्हणत.

छपरावरचा उजेड गेला. गिरणीच्या धुराड्याचं टोक काळवंडलं, मग बर्फ निळा झाला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे, कारण आज घड्याळावर तिचा भरवसा नव्हता. दोन वाजून दोन मिनिटं.

“तात्या,” ती म्हणाली, “सूर्य बुडाला.”

“बुडाला तर. रोज बुडतो मेला.”

“मग संध्याकाळची प्रार्थना म्हणूनच जा ना. दहा जण आहात. परत कधी असणार?”

लेझर म्हणाला, “दोन वाजता संध्याकाळ! माझ्या मामाला अमेरिकेत लिहिलं तर म्हणेल, हे तिकडे दारू पितात.” पण त्याने उघडलेलं दार पुन्हा लावलं. झेलिकने दाढीवरचे पावाचे कण झटकले. “म्हणूया,” तो म्हणाला, “मला तरी घरी कोण खोळंबलंय? पण भराभर. पळत म्हणू.”

“कद्दिश मी म्हटलाय,” हिर्श म्हणाला. “आता तिची तिथी गेली, ब्लूमा. आता म्हणून काय उपयोग?”

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. कागद टेबलावर पालथा पडला होता, हात लांब केला की मिळाला असता. ती म्हणाली, “म्हण ना. माझ्यासाठी म्हण.”

या खोलीत तिने इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, एक गादी बाकावर टाका एवढंसुद्धा. हिर्शने तिच्याकडे पाहिलं, खांदे उडवले, आणि पुस्तक उघडलं.

आणि म्हटला त्याने. कोट अंगात, एक हातमोजा घातलेला, डोळा घड्याळावर, शब्द एकमेकांवर आपटत, मधे एक ओळ गाळली ती झेलिकने पुरवली. त्याचा तो राखून ठेवलेला आवाज मघाशीच खर्च झाला होता. सव्वीस-सत्तावीस कसले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चांगले कद्दिश परक्या दिवसाला गेले आणि पोरीच्या वाट्याला हा आला, उष्टावलेला. पण आला. आमेन, ब्लूमा म्हणाली, इतक्या जोराने की पुढच्या बाकावरच्याने मागे वळून पाहिलं. चालेल, तिला वाटलं. फेगाला घाई आवडायची. बुटाची नाडी कधी पुरी बांधू दिली नाही तिने.

मग जिना वाजला, खालचं दार वाजलं, लेझरचं रस्त्यावरून ओरडणं आलं—“वहिनी, पाव बाकी झकास होता, चाळणीसारखा!”—आणि खोलीत ती आणि हिर्श उरले. तिने डोळे मिटले. आता ओझं येईल, ती वाट पाहत होती. खरा दिवस लागलाय, तेव्हा खरं ओझं आता येईल.

“उपास सुटला,” हिर्श म्हणाला. दोघांनी कालच्या सूर्यास्तापासून पाणीही घेतलं नव्हतं, दरवर्षी घेत नसत. त्याने पावावर हेरिंगचा तुकडा ठेवून तिच्या हातात दिला. “खा. झालं आता. सुटलो एकदाचे.”

हेच तो दरवर्षी म्हणायचा. आणि दरवर्षी ती खायची, दोन, तीन तुकडे, आणि रात्री मेल्यासारखी झोपायची, आणि दुसरा दिवस... तिच्या हातातला पाव थांबला. दुसरा दिवस तिच्या वर्षातला सगळ्यांत हलका दिवस असायचा. पडदे धुवायची ती. केक करायची. एका वर्षी शेजारणीबरोबर दारात उभी राहून इतकी हसली होती की हिर्श बघायला आला. पोरीच्या मरणाच्या तिथीला! आणि आताही ओझं येत नव्हतं. अंगाला सवय झाली होती. छाती मोकळी होत चालली होती, आपली आपण, तिला न विचारता, आणि तोंडाला पाणी सुटलं होतं.

ते पाणी तिच्या ओळखीचं होतं.

घरघर थांबली होती. दोन दिवस, दोन रात्री ती घरघर, आणि मग डॉक्टर आला, घड्याळ पाहिलं, लिहिलं, गेला. घरात शांत झालं. दिवा लावला नव्हता. फेगाला पलंगावर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले, चुलीवर भांड्यात बटाटे होते, सकाळचे, गार, सालीसकट. मीठ घेतलं आणि अंधारात उभ्याउभ्या खाल्ले. चार खाल्ले. देवा, काय चव होती त्यांना... मग बोटं चाटली. आणि साडेसहाला दार वाजलं आणि त्याने विचारलं, कधी?—अंधार पडल्यावर, असं म्हटलं असतं तर त्याने त्या अंधाराबद्दल विचारलं असतं. मग तू एकटीने काय केलंस? म्हणून मी तिला उजेडात नेऊन ठेवलं. दुपारी. तोंडून निसटलेला शब्द नव्हता तो.

“काय झालं?” हिर्श म्हणाला. तो बाकावर बसून खात होता, गालात घास, म्हातारा दिसत होता. “खा की. रडतेस काय?”

ती रडत नव्हती, निदान तिला तसं वाटत नव्हतं. आपल्याला याला जे सांगायचं आहे ते तिथीचं नाहीच, हे तिला कळत होतं. तिथी एक वेळ नाही सांगितली तरी चालेल, त्याचं बिनचूक त्याच्यापाशी राहू दे. सांगायचं आहे ते बटाट्यांचं. आणि ते सांगता येईल—आज नाही, जिन्यावर नाही, कदाचित या हिवाळ्यातही नाही—पण तोंड उघडून, शब्दांनी, या माणसाला सांगता येईल, असं तिला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, आणि वाटलं तशी ती इतकी घाबरली, आणि तिला इतकी भूक लागली, की दोन्हीतलं कुठलं कुठे संपतं ते तिला समजेना.