सहीचा अधिकार

बत्राजी दुबईत आहेत, असं खुद्द बत्राजींनीच सकाळी फोनवर सांगितलं होतं. त्यामुळे करोल बागेतल्या त्यांच्या दुकानात, गाड्यांच्या आरशांच्या खोक्यांमागे, ते छोले-कुलचे खाताना दिसले तेव्हा श्रीरंगने सवयीने आधी नमस्कार केला. मग त्याला सकाळचा फोन आठवला.

श्रीरंग हा बत्राजींचा दुबईतला कारकून. कार्डावर 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' छापलं होतं, पण कार्ड छापायला फार खर्च येत नाही. गाड्यांचे सुटे भाग विकता विकता बत्राजींनी दुबईत दुकान टाकलं, तेव्हा दिल्लीच्या द्वारकेत वाढलेला, बी.कॉम. झालेला, मान खाली घालून काम करणारा हा मुलगा त्यांनी बरोबर नेला. दिल्लीच्या व्यापाऱ्याचा मराठी माणसावर फार विश्वास. तो पैसे खात नाही आणि पगारवाढ मागत नाही. एवढ्या भांडवलावर आपल्या समाजाने उत्तरेत चांगलं नाव कमावलं आहे.

वर्षभरापूर्वी बत्राजी म्हणाले होते, "बेटा, आजसे बँक में तेरे साइन चलेंगे. मी तर फिरतीवरच असतो." पगार होता तेवढाच राहिला. श्रीरंगने वडिलांना फोन करून विचारलं, हो म्हणू का?

इथे घोटाळा झाला. अण्णासाहेब केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. सगळं आयुष्य 'आदेशार्थ सादर' लिहिण्यात गेलेलं. सही वरचे करत, आणि वरचे रजेवर असले तर त्यांच्याही वरचे. सहीचा अधिकार मिळायला माणसाचे केस पांढरे व्हावे लागतात, आणि आपला पोरगा पंचविशीत सही करणार. अण्णासाहेबांनी सोसायटीत पेढे वाटले. सहीच्या वर लिहिलेली रक्कम कोणाच्या खिशातून जाणार, हे विचारावंसं त्यांना वाटलं नाही. सरकारात तो प्रश्न कोणी विचारत नाही.

दुबईच्या बाजारात माल आज उचलतात आणि पुढच्या तारखेचा चेक देतात. तो चेक वटला नाही, तर पोलीस आधी सही करणाऱ्याला शोधतात. हे श्रीरंगला शेजारच्या दुकानातला कारकून भर दुपारी उचलून नेला तेव्हा कळलं. त्याचा डबा टेबलावर उघडाच राहिला होता. पुढे बरेच दिवस श्रीरंगने दुकानात डबा उघडला नाही, पण सह्या तो करत राहिला. द्वारकेच्या फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगारातून जात होता. धाकट्या बहिणीच्या, उल्काच्या लग्नाचा हॉल त्याच्या शब्दावर धरला होता. तिच्या साखरपुड्यासाठी रजेवर निघताना बत्राजींनी चेकबुकच समोर ठेवलं, आणि त्याने ते शेवटपर्यंत सह्यांनी भरून दिलं.

त्यातला सगळ्यात मोठा चेक सोमवारी बँकेत जाणार होता. खात्यात चहापाण्यापुरते पैसे होते. आणि श्रीरंगचं परतीचं विमान उद्या, रविवारी दुपारी होतं.

"आ बेटा, बैठ," बत्राजी म्हणाले. दुबईत असल्याचं सांगितल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, इथे असल्याचीही नव्हती. "कुलचा खाणार?"

"नको. बत्राजी, आपण तर तिकडे..."

"बीपी. डॉक्टर म्हणाला, हवाई जहाज बिल्कुल बंद."

"आणि सोमवारचा चेक?"

"तू जाके संभाल ले ना. मालवाल्या पार्टीला भेट, चाय पिला, महिनाभर पुढे ढकल."

"ते ऐकतील?"

"तेरा चेहरा शरीफ है. तुझं ऐकतील."

"आणि नाही ऐकलं तर? सही माझी आहे."

बत्राजींनी कांद्याची चकती लिंबात बुडवली. "सही तेरी, दुकान मेरी. मी बसलोय ना इथे."

नेमकं हेच श्रीरंगला दिसत होतं. ते इथे बसले होते. शेठजी ज्या गावाला परत जायला घाबरतो, त्या गावाला कारकुनाने एकट्याने जायचं होतं.

"अण्णासाहेबांना नमस्ते बोलना," निघताना बत्राजी म्हणाले. "आणि मेट्रोने नको जाऊस उद्या. ड्रायव्हर पाठवतो. थेट एअरपोर्टच्या दारात सोडेल."

इतकी माया त्यांनी आजवर कधी केली नव्हती. मेट्रोत श्रीरंगला बसायला जागा मिळाली, पण तो दाराशी उभा राहून सोमवारपर्यंतचे तास मोजत राहिला.

घरी त्याने सगळं सांगितलं. आई सुमित्राबाई भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. अण्णासाहेबांनी चष्मा पुसला.

"तुला अधिकार दिल्याचा आदेश असेल ना? त्यात जबाबदारीची मर्यादा लिहिलेली असते."

"अण्णा, आदेश नाहीये. बँकेचं एक कार्ड आहे. त्यावर माझी सही आहे, बस."

"वर कोणाची मंजुरी?"

"वर कोणी नाही. मीच वर."

अण्णासाहेबांना आयुष्यात प्रथमच अशी फाईल भेटली जिच्यावर वरचा अधिकारी नव्हता. त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, "आपण पळून जाणारे लोक नाही. तू गेलास आणि नीट समजावून सांगितलंस, तर तिथले लोक..."

"कुठल्या भाषेत सांगेल तो?" सुमित्राबाई म्हणाल्या. "आणि कोणाला? पेढे वाटताना तुम्ही मला विचारलं नाहीत, आता मी तुम्हाला विचारत नाही. तो जाणार नाही."

"अगं, हप्ता? उल्काच्या सासरी काय सांगायचं?"

"भाऊ घरी आहे, हे सांगू. तुरुंगात आहे, हे सांगण्यापेक्षा सोपं जाईल."

आतून उल्का म्हणाली, "यार दादा, तू जाऊ नकोस." मग ती बाहेर आली नाही.

सकाळी श्रीरंगने बॅग भरली. जायचं नाही हे ठरलं होतं, तरी भरली. न जाणाऱ्या माणसाने बॅग भरायची नसते, पण भीतीला हाताला काहीतरी काम लागतं. शर्टांच्या घड्या घालताना त्याला दोनदा वाटलं, जावं. गेलं तर निदान एकदाचं काय ते होईल.

पांढरी गाडी सांगितल्या वेळेच्या आधीच आली. अण्णासाहेब इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले. वरच्या मजल्यावरून श्रीरंग पाहत होता. ड्रायव्हरने बत्राजींना फोन लावून तो अण्णासाहेबांच्या हातात दिला. अण्णासाहेबांनी तो साहेबाच्या फोनसारखा दोन्ही हातांनी धरला. थोडा वेळ ते नुसती मान हलवत होते. मग मान हलायची थांबली.

ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी म्हटलं, श्रीरंग येणार नाही," ते म्हणाले. "माझ्या नावावर सांगितलं. कोणाला न विचारता."

"मग? काय म्हणाले?" श्रीरंगने विचारलं.

"अगदी गोड बोलले. म्हणाले, बच्चा डर गया है. मग म्हणाले, तो गेला नाही, तर तिकडे सगळ्यांना कळवीन की कारकून गल्ल्यातले पैसे घेऊन दिल्लीला पळाला. इथल्या ठाण्यातही ओळख आहे म्हणाले." त्यांनी पाणी मागितलं आणि हातात आलेला पेला तसाच धरून ठेवला. "अण्णासाहेब, आप समझदार हो, असं म्हणाले."

एवढ्यात बेल वाजली. चौघंही जागची हलली नाहीत. बेल पुन्हा वाजली, तेव्हा श्रीरंग उठला, कारण ती बहुधा त्याच्यासाठीच असणार होती.

दारात सोसायटीचा गार्ड होता. "साब, वो गाड़ीवाला जा नहीं रहा. बोलता है, लड़का जब तक नीचे नहीं आएगा, यहीं खड़ा रहूंगा. सेठ का ऑर्डर है. गेट ब्लॉक हो रहा है."

"बोल दो, नहीं आएगा," श्रीरंग म्हणाला. आवाज त्याचा होता, पण त्याला तो दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

गार्ड गेला. सुमित्राबाईंनी चहा टाकला आणि सवयीने ड्रायव्हरचंही आधण ठेवलं. मग लक्षात येऊन एक कप पाणी काढून टाकलं. विमानाची वेळ झाली. द्वारकेवरून जातात तसं एक विमान अगदी कमी उंचीवरून गेलं, खिडकीची तावदानं थरथरली, आणि श्रीरंगला कळलं की आता जायचं ठरवलं तरी जाता येणार नाही. बरं वाटायला हवं होतं.

त्याने पडद्याआडून खाली पाहिलं. ड्रायव्हर गाडीला टेकून फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने मान वर केली आणि बोट हवेत हलवत तो सावकाश इमारतीचे मजले मोजू लागला. श्रीरंगने पडदा सोडला.