बिनकामाचा महिना

"आजी, जोरात दाबा."

"दाबतंय की रे बाबा! आता काय काच फोडू तुझी?"

पासपोर्टच्या खिडकीमागचा तो साहेब हसला नाही. त्याने माझं बोट ओल्या फडक्याने पुसलं, परत काचेवर ठेवलं, आणि ते मेलं यंत्र परत लाल झालं. दहाची दहा बोटं लावून झाली. एकही घेतलं नाही. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली, तशी मी वळून म्हटलं, "घाई असेल त्याने पुढे या, माझी बोटं कुठे पळून जात नाहीत."

"काय काम करता?" साहेबाने विचारलं.

"काजूच्या कारखान्यात बी फोडतंय. तीस वर्षं झाली."

त्याने माझा हात उताणा करून पाहिला. काजूच्या टरफलात चीक असतो. बी फुटली की तो उडतो आणि लागेल तिथली कातडी जाळतो. आम्ही बाया हातांना राख चोळून बसतो, तरी तो काही सोडत नाही. बोटं काळी पडतात, सोलतात, परत काळी पडतात. त्यात रेषा कुठल्या राहायला!

"अर्ज असाही पुढे जाईल," तो म्हणाला, "पण पुढे कुठे बोटं मागितली तर तुम्हीच अडकाल. महिनाभर काजूला हात लावू नका. रेषा परत येतात. मग या."

माझी अक्षया मस्कतला असते. जावई शुभंकर तिथे एसी दुरुस्त करतो. तिला पाचवा महिना चालू होता. पहिल्या खेपेला तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा ती फोनवर रडत होती आणि मी कारखान्याच्या भिंतीला टेकून नुसती "गप गो, गप गो" म्हणत होते. दुसरं करणार काय? या खेपेला मात्र मी ठरवलं होतं, आभाळ कोसळलं तरी तिच्या बाळंतपणाला मी तिच्या उशाशी असणार.

गावी, पालीला उतरले ती तशीच कारखान्यात गेले. मुकादम धाकू दारातच होता.

"महिना?" तो ओरडलाच. "मालनवैनी, डोकां ठिकाणावर हाय ना? ऐन हंगामात? आठ दिवसांवर खाडा झाला तर जागा दुसरीला देईन हां."

"दे तर दे! तीस वर्षांत माझा एक खाडा दाखव. आजारपणाचा सोडून दे, आळसाचा दाखव. तिकडे माझी पोर पोटुशी हाय आणि तू मला जागेची भीती घालतोस?"

यंत्रांची खडखड थांबली होती. सगळ्या बाया बघत होत्या. मी माझा फडका उचलला आणि निघाले.

घरी आमचे हे. पस्तीस वर्षं मुंबईत पहारेकरी होते, त्यामुळे जग बघितल्याची घमेंड.

"अगो, जिल्ह्याच्या पुढं एकटी कधी गेलंस काय? इमानात बसून चाललीस! तिथं बोलणार कोणाशी?"

"अक्षयाशी."

"आणि माझ्या जेवणाचा काय?"

"तांदूळ डब्यात, मासे बाजारात, आणि हात तुमच्याजवळ."

ते तणतणत अंगणात जाऊन बसले. बरंच झालं.

पण रिकामं बसणं काय सोपं असतं? सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मी उठून उभी राहायची आणि मग आठवायचं, आपल्याला कुठेच जायचं नाही. रोज झोपताना कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठेल, कोमट करून बोटांना चोळायचं. संध्याकाळी कारखान्यातून सुटलेली माझी मैत्रीण हौसा वाट वाकडी करून यायची आणि अंगणातूनच विचारायची, "उगवल्या काय गो?"

"पेरल्यात. बघू."

दहाव्या दिवशी काळी कातडी निघाली. खालून गुलाबी कोवळं बोट आलं, भांड्याचा काठ लागला तरी हुळहुळायचं. विसाव्या दिवशी डाव्या हाताच्या करंगळीवर एक बारीक वळसा दिसला. मी खिडकीशी जाऊन कितीदा पाहिला असेल! ह्यांना राहवलं नाही. "काय सारखा बघतंस?" म्हणत चष्मा लावून आले, माझं बोट हातात धरलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं. "आल्यान् की गो!" म्हणाले. लग्नानंतर इतका वेळ त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता, तर मला उगाच लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला यंत्राने नऊ बोटं घेतली. उजवा अंगठा हटूनच बसला. "नऊ पुष्कळ झाली," तो साहेब म्हणाला आणि या वेळी हसला. तोवर धाकूने माझी जागा खरंच दुसरीला दिली होती. देऊ दे.

विमानतळावर मी भांबावले, खोटं कशाला बोलू? सगळे भराभर चाललेले, मी एकटीच पाट्या वाचत उभी. विमानात एका मुलीने पट्टा बांधून दिला. विमान उडालं तेव्हा मी देवाचं नाव घेतलं आणि मग स्वतःलाच दटावलं, मालन, आंबा घाटात एस्टी उतरताना पाहिली आहेस तू, हे काय त्याहून वाईट असणार?

मस्कतच्या साहेबाने पासपोर्ट उघडला, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आपणहून दहाही बोटं त्याच्यापुढे पसरली. तो बावचळला आणि हातानेच नको नको करायला लागला.

"नको? अरे, या रेषांसाठी तीस वर्षांच्या कामावर पाणी सोडलंय मी! बघ तरी मेल्या!"

त्याला काय कळणार? त्याने शिक्का मारला.

मुलगी झाली. दिवस पुरे भरून, ठणठणीत. रात्रभर मी अक्षयाच्या उशाशी होते. पाचव्या दिवशी घरी आल्यावर तिने तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि बाळ माझ्या पायांवर ठेवलं.

"आई, तू लाव तेल."

माझे हात पुढे होईनात. अक्षया दीड महिन्याची असताना मी कामावर परत गेले होते. पहिल्याच संध्याकाळी मी कौतुकाने तिला तेल लावलं, आणि तिच्या छातीवर, मांड्यांवर टरारून फोड आले. माझ्या हातातल्या चिकाने. सासूबाईंनी पोर माझ्याकडून ओढून घेतली. त्यानंतर तिचं तेल-पाणी त्यांनीच केलं. ती कळती होईपर्यंत मी तिला पदर मध्ये घेतल्याशिवाय कधी उचललं नाही. आपल्या आईने आपल्याला असं का उचललं, हे अक्षयाने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"लाव ना गो. थंडी वाजेल तिला."

"थांब जरा."

मी तेलात बोटं बुडवून आधी स्वतःच्या गालाला चोळली. थोडा वेळ थांबले. काही आग झाली नाही. मग उघडा तळहात बाळाच्या छातीवर ठेवला. तिने पाय ताणले आणि एक शिंक दिली. मी हात उचलून त्या जागेकडे बघत बसले. कातडी होती तशीच होती.

"काय बघतेस एवढं?" अक्षयाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि पायांना लावायला परत तेल घेतलं.