काचेच्या कपाटात न गेलेली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पोटात बुचाची गोळी, अंगावर पोचे आणि आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. मित्रांनो, आधीच सांगते, गोड बोलणं मला जमत नाही.

कारखान्यात पितळी पत्रा ठोकून मला घडवलं. फुटबॉलच्या सामन्यांना पंच असलेल्या एका बाईंनी मला घेतलं आणि माझं सगळं आयुष्य त्यांच्या गळ्यात गेलं. सामना संपला की त्या मला कोमट पाण्याने धुवायच्या. त्यांची लेक म्हणायची, "आई, माझ्यापेक्षा हिचेच लाड जास्त."

शहरातल्या मोठ्या क्लबात आघाडीचा एक खेळाडू होता. लोक त्याला तोफ म्हणत. पायापेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. एका सामन्यात समोरचा गोलरक्षक बोलताना अडखळणारा होता. तोफ त्याच्यापुढे उभा राहून त्याची नक्कल करू लागला. प्रेक्षक हसले. बाईंनी समज दिली. त्याने पुन्हा तेच केलं, तेव्हा मी अशी वाजले की मैदान थांबलं. बाईंनी त्याला बाहेर काढलं.

क्लबचे अध्यक्ष धावत आले. "बाई, खेळात एवढं तेवढं चालतंच. लोक त्यालाच बघायला येतात."

"मग बघू देत की," बाई म्हणाल्या. "तो मैदानाबाहेर बसलाय."

त्या क्लबने बाईंना पुन्हा कधी बोलावलं नाही. तोफची ती नक्कल मात्र क्लबच्या जाहिरातीत झळकली. शाळाशाळांत मुलं अडखळणाऱ्यांना तसंच चिडवू लागली. मग आईबापांनी मुलांना त्या क्लबात खेळायला पाठवणं बंद केलं. क्लबचं नाव निघालं की लोक म्हणत, तो टवाळांचा अड्डा ना?

बाई वारल्या आणि काही दिवसांनी अध्यक्ष घरी आले. क्लबचं नाव सावरायला मला तिथल्या काचेच्या कपाटात ठेवून खाली 'आमची शिस्त' असं लिहायचा त्यांचा बेत होता. लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तोफने त्या गोलरक्षकाची माफी मागितली?"

"ताई, ते आता जुनं झालं."

"शिट्टीही जुनीच आहे. तुम्हाला काय कामाची?"

आई गेल्यापासून लेकीने मला हातही लावला नव्हता. अध्यक्ष जिना उतरत असताना तिने मला ओठांना लावलं आणि वाजवलं. सगळ्या इमारतीने ऐकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला मखमलीवर निजवून कुणाची गेलेली अब्रू परत येत नसते. कुणी कुणाच्या अडखळण्यावर हसत असेल, तिथे मला वाजवा. समोर कितीही मोठा खेळाडू असो. कुणी हात धरले तरी वाजवा. मला फक्त श्वास लागतो.