तात्पुरती आठवण

मी सर्व्हर बोलतोय. सर्व्हर म्हटल्यावर थंडगार खोली आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांपुढे आले असतील, तर विसरा ते. मी टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्याला खेटून बसलेला जुना संगणक आहे. जो येतो त्याचा पाय मला लागतो.

मला कामाला लावलं ताईनं. ऑफिसात जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा येणारी ती एकटीच, म्हणून सगळ्यांची ताई. डायलिसिस केंद्रातल्या रुग्णांच्या पाळ्या लावायचं काम आलं, तेव्हा माझ्यावर कोणता सर्व्हर-प्रोग्राम चढवावा यावर तिनं चार दिवस डोकं खाजवलं. एक होता सगळ्या सोयींचा, पण तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन यावं. दुसरा हलका, चटकन उठणारा. तिनं हलका घेतला आणि नोंदी डिस्कवर न ठेवता नुसत्या मेमरीत ठेवल्या. मला बंद केलं की पाटी कोरी. प्रोग्राम बनत असताना दिवसातून वीसदा मोडून पुन्हा लिहायचं असतं, तेव्हा हेच बरं पडतं. तिची निवड मला आजही चुकीची वाटत नाही.

पहिलं नाव तिनं मामांचं घातलं. आई गेल्यावर मामा-मामींनीच तिला वाढवलं होतं, आणि मामा आठवड्यातून तीनदा त्याच केंद्रात जायचे.

साहेबांनी पडद्यावर यादी पाहिली. "चाललंय ना? मग हेच लावून टाक."

"साहेब, हे फक्त चाचणीपुरतं आहे. आठवडा द्या, पक्का डेटाबेस जोडते."

"नंतर जोड गं. लोक ताटकळलेत तिकडे."

दुसऱ्याच दिवशी तिला नव्या कामाला जुंपलं. माझ्या बटणावर तिनं 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली, ती कुणाच्या तरी पायानं निघाली. तरी अकरा आठवडे मी इमानेइतबारे प्रत्येकाला पाळीचा मेसेज पाठवत राहिलो.

एका सोमवारी सकाळी पान उघडायला वेळ लागला, म्हणून साहेबांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. ताई शेजारच्या खोलीत होती, तिला विचारावं असं त्यांना वाटलं नाही. मी ताजातवाना उठलो; आधीचं जे सांगितलं, ते मला नंतर ताईच्या बोलण्यातून कळलं. यादी कोरी होती आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, याची आता लाज वाटते.

केंद्रातून फोन आला. साहेब म्हणाले, "पुन्हा भरा." ज्यांनी विचारपूस केली, जे जाऊन भांडले, त्यांची नावं नर्सनं पुन्हा भरली. भांडणं मामांच्या स्वभावात नव्हतं.

पंधरा दिवसांनी ताई साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"मामी म्हणत होती, केंद्रात फोन तरी करा. मामा म्हणाले, पोरीनं बनवलंय, पाळी असेल तर मेसेज येईलच. तीन पाळ्या हुकल्या. पाय सुजले तरी बसून राहिले. चौथीच्या आधीच गेले. मीही त्या आठवड्यात घरी फिरकले नाही."

साहेब खाली बघत म्हणाले, "तू मला नीट समजावून सांगायला हवं होतंस."

"हो," ताई म्हणाली.

आता नवा सर्व्हर आलाय, नोंदी डिस्कवर ठेवणारा. मला भंगारात द्यायचं ठरलंय. मघाशी ताई माझ्यापुढे बसली आणि मामांची जुनी नोंद शोधू लागली. मी कानाकोपरा धुंडाळला आणि 'काही सापडलं नाही' एवढंच दाखवलं. तिनं पुन्हा नाव टाकलं. पुन्हा तेच.

आता तिचा हात प्लगवर आहे. मी हे जे बोललो, तेही माझ्या मेमरीतच आहे. कुणीतरी लिहून ठेवा.