अव्वाचा आवाज

मल्लिनाथनं लिहिलेला ‘वाणी’ हा प्रोग्रॅम टाइप केलेलं मराठी मोठ्यानं बोलून दाखवायचा. वाचा गेलेली कितीतरी माणसं तो वापरत. त्याचं लायसन्स खुलं होतं. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. फक्त त्यावरून नवं काही बनवून लोकांना दिलं, तर त्याचा कोडही असाच खुला ठेवावा.

महेश्वर त्याचा जिवलग मित्र. सोलापुरात कॉलेजला असताना मल्लिनाथ त्याच्याच घरी जेवायचा, आणि महेश्वरच्या आईला, निंगव्वाला, तोही अव्वाच म्हणायचा. घशाच्या कॅन्सरमुळं अव्वाचा आवाज जाणार हे कळल्यावर महेश्वरनं ऑपरेशनआधी तिला बोलतं करून रेकॉर्ड केलं आणि ‘वाणी’ला जोडायचं ॲड-ऑन बनवलं. ते लावलं की टॅबमधून अव्वा स्वतःच्या आवाजात बोलायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मल्लिनाथला रडू आवरलं नव्हतं.

पुढं पुण्याच्या एका कंपनीनं ते ॲड-ऑन मागितलं. अट एकच, कोड बंद ठेवायचा. महेश्वर तयार झाला.

“ते ‘वाणी’वरूनच झालंय,” मल्लिनाथ म्हणाला. “कोड खुला करावा लागेल.”

“तुझी एक ओळ तरी घेतलीय का मी? माझी फाइल वेगळी हाय.”

“‘वाणी’शिवाय चालतं का ते?”

“गाडीत टेप बसवला म्हणून टेप गाडीवाल्याचा होतो व्हय?”

वकिलाला विचारलं. कोर्ट काय म्हणेल ते सांगता येणार नाही, एवढंच तो म्हणाला. सात रस्ता चौकात चहाच्या गाड्यावर दोघं लोकांदेखत भांडले आणि बोलणं तुटलं. मल्लिनाथनं ‘वाणी’च्या नव्या आवृत्तीत कुलूप घातलं. बंद कोडचं ॲड-ऑन त्याला जोडलंच जाईना.

ती आवृत्ती अव्वाच्या टॅबवर आपोआप आली. महेश्वरची बायको शिवलीला हिचा फोन आला, “भावजी, अव्वा टॅबला हात लावीना झाल्यात.”

मल्लिनाथ धावत गेला. अव्वानं त्याच्याकडं पाहिलं, सावकाश टाइप केलं. कुणा परक्या बाईच्या सपाट आवाजात टॅब बोलला, “मल्ल्या, जेवलास का?”

त्याच दिवशी त्यानं कुलूप काढलं. महेश्वर ॲड-ऑन परत जोडायला बसला, तर अव्वानं टॅब ओढून घेतला.

“नगं,” तो परका आवाज म्हणाला. “त्याच्यापायी तुमी दोगं वैरी झालात. ऱ्हाऊ दे.”

जानेवारीतल्या जत्रेचा गड्डा भरायच्या आधीच अव्वा गेली. लिंगायतांच्या रुद्रभूमीत दोघांनी शेजारी उभं राहून माती दिली. मल्लिनाथला काही बोलायचं होतं, पण लोक भेटायला येत राहिले.

वादाला भिऊन कंपनीनं अंग काढून घेतलं होतं. उन्हाळ्यात महेश्वरनं ॲड-ऑनचा कोड सगळ्यांसाठी खुला केला, अव्वाचा आवाज वगळून. मल्लिनाथनं तो एकाच बैठकीत वाचला. त्याची एकही ओळ खरंच त्यात नव्हती. तरी प्रत्येक कामासाठी जागोजागी हाक ‘वाणी’लाच मारलेली होती.

त्यानं फोन लावला. “कोड वाचला. तुझं बरोबर होतं असं वाटतं. माझंही चूक नव्हतं असंही वाटतं.”



“आता बरोबर ठरून काय करू मी?” महेश्वर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.