फुंकरीने पांढरं होणारं पाणी

माईंच्या बरणीतल्या पाण्यावर पातळ पांढरी साय धरली होती. साध्या पाण्यावर साय येत नाही. माईंनी ती चमच्याने अलगद बाजूला केली, खालचं काचेसारखं नितळ पाणी पेल्यात ओतलं आणि नळी पुढे केली. माझ्याखेरीज पाण्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे बघत होते माईंच्या तोंडाकडे, आणि सर्वांत टक लावून माझा नवरा.

शिलाई कारखान्याचा वरचा हॉल, जेवणाची सुट्टी. माई कामगारांची पोटाची दुखणी काढायला आल्या होत्या. बाकं भरली म्हणून माणसं कापडाच्या गठ्ठ्यांवर चढून बसली होती.

"फुंक, बाळ," माई इस्त्रीवालीला म्हणाल्या. "पोटातली आग पाण्यात सोड. पाणी खोटं बोलत नाही."

ती फुंकू लागली तसं पाणी गढूळ झालं, मग दुधासारखं. गठ्ठ्यांवरून हुंकार उठला.

"हे बघा, आलं पित्त बाहेर. थांबू नकोस."

कपाळाच्या शिरा ताणून ती फुंकत राहिली आणि बऱ्याच वेळाने पाणी पुन्हा निवळलं. "गेलं," माई म्हणाल्या आणि तिला पांढऱ्या भुकटीची पुडी पाण्यातून पाजली. तिने दणदणीत ढेकर दिला. हॉल धन्य झाला.

माझा नवरा इथला कटिंग मास्तर. घाईघाईत पोटभर जेवायचं आणि पट्टा आवळून लगेच कापणीच्या टेबलावर ओणवं व्हायचं, ही त्याची वर्षानुवर्षांची रीत. छातीत जळजळ ठरलेली. हल्ली घासही अडकायला लागला होता. स्वतःची पँट त्याने दोनदा कमरेत आत घेतली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला लावली आणि दुर्बिणीने तपासून घ्या, असं बजावलं. "ही ऑर्डर संपू दे," तो म्हणायचा. ऑर्डर कधी संपते का?

रात्री उशिरा जेवू नकोस, हे सांगून माझी जीभ झिजली होती. माईंनी एकदाच सांगितलं आणि साहेब दिवेलागणीला ताटावर हजर. मला भुकटीचा राग नंतर आला. आधी आला तो त्या ताटाचा. माईंचं नाव घेताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. माझं नाव घेताना तसा तो लग्नाच्या वर्षातही झाला नव्हता. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिथली पोरं तरी माझं ऐकतात.

"आता दादाचा नंबर," शेजारी बसलेली नणंद म्हणाली. माईंकडे त्याला तिनेच नेलं होतं; आज मीही मुद्दाम तिच्यासोबत आले होते. "वहिनी, आज जरा मास्तरीण नको होऊस."

मी उठलेच. "माई, मला कसलाच त्रास नाही. आधी मी फुंकू?"

"फुंक की."

पाणी पांढरं झालं.

"माझ्या पोटात कसली आग?"

"मत्सराची," माई शांतपणे म्हणाल्या. "नवरा ऐकत नाही ना तुझं?"

हॉल खदखदून हसला. नवराही हसला, खाली मान घालून. निदान अचूक होतं. म्हणून तर इतकं झोंबलं.

नणंदेच्या हातात सोडावॉटरची बाटली होती. ती मी काढून घेतली, बरणीतलं ताजं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यात थोडं सोडावॉटर ओतलं. पेला दुधाळ झाला. आणखी ओतून ढवळत राहिले, तसा निवळत गेला.

"या बाटलीला कुणाचा मत्सर वाटतो, माई?"

आता हसू दुसऱ्या बाजूला गेलं.

"ही चुन्याची निवळी आहे," मी सांगितलं. "भिंतीचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, या बाटलीतही तोच. तो मिसळला की पाणी पांढरं होतं, खूप मिसळला की पुन्हा निवळतं. आजारी माणसाने फुंकलं काय नि धडधाकट माणसाने काय. आणि माझ्या नवऱ्याला दिलेली पुडी मी प्रयोगशाळेत तपासली. खायचा सोडा आहे."

"मनात भाव नसला की वस्तूही बाधते," म्हणत माईंनी बरणीवर फडकं टाकलं.

"पण ढेकर आला की बरं वाटतं, बाई," इस्त्रीवाली म्हणाली.

"वाटतं ना. घटकाभर आम्ल मरतं, मग परत तयार होतं. भीती त्या बरं वाटण्याचीच आहे, कारण आत काय चाललंय ते कळत नाही. चमत्कार दिसला की एवढंच विचारा, हे दुसऱ्या कशाने घडतं का? आणि घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर कुणाच्या पुडीवर थांबू नका. माझ्या शब्दावरही नको. डॉक्टरांकडे जा."

घंटा झाली. माणसं खाली उतरली, माईही गेल्या. नवरा बाकावर तसाच बसून होता.

"माईंना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस."

"हो."

"बरं वाटलं?"

"वाटलं. पण नुसतं तेवढ्यासाठी नव्हते आले. त्यांनी जा म्हटलं असतं, तर तू केव्हाच गेला असतास तपासायला."

"त्या जा म्हणत नाहीत, म्हणून तर त्यांच्याकडे जायचो." तो गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिला. "माई म्हणायच्या, गेलं. तू म्हणायचीस, तपास. आणि तपासल्यावर निघालंच काही तर?"

मी त्याच्या शेजारी बसले. "निघालं तर डॉक्टर आहेत," मी म्हटलं. "आणि मी आहे."

त्याने टेप काढून बाकावर ठेवली.

"लाव फोन डॉक्टरांना," तो म्हणाला. "दुर्बीण घालून घेतो."