झील धरणारी वाडी

गुहागरच्या आतल्या अंगाला एका वाडीत शिमग्याची होळी पेटली की गाण्याचा मान महिपतचा. तो एकेक ओळ घाली आणि होळीभोवतीचे बाप्ये झील धरीत. झील म्हणजे पुढच्याच्या तोंडून जे निघेल ते जसंच्या तसं म्हणायचं, वर शहाणपण करायचं नाही. शेवटच्या ओळीने गाणं सुटे; तोवर कुणी झील सोडायची नाही. होळी विझण्याआधी ते सुटलं नाही, तर मान भागोजीच्या घरी जायचा. भागोजी याच आशेवर हयातभर झील धरत आला होता.

शहाऐंशीच्या शिमग्याला महिपत शेवटाशी आला आणि नेमकी तीच ओळ डोक्यातून साफ पुसली गेली.

"अरं द्येवा," तो पुटपुटला.

"अरं द्येवाऽऽ!" झील उठली.

"थांबा जरा!"

"थांबा जराऽऽ!"

"गप ऱ्हावा, मेल्यांनू!"

हे तर सगळ्यांना फारच आवडलं. भागोजीचा आवाज सर्वांत खडा. महिपतने कपाळावर हात मारला, वाडीनेही मारला. बापाने दिलेला मान आपल्या हातून जाणार म्हणून त्याला रडू येत होतं. पण आपण रडलो तर अख्खी वाडी गळा काढील, म्हणून बिचाऱ्याला रडताही येईना. शेवटी तो घराकडे पळत सुटला. मागोमाग वाडीही पळाली.

दारात बायको गोदा उभी होती. भात निवत होता आणि तिचं डोकं तापत होतं.

"पुरे झालं! सोडा आता गानं नि जेवाला चला!"

बाप्यांनी तेवढं एकदा म्हटलं आणि गाणं सुटलं असं धरून आपापल्या घरी जेवायला गेले. भुकेल्या पोटांना याहून चांगला शेवट सुचला नसता. भागोजी तेवढा मागे राहिला.

"मान गेला तुजा, महिपता," तो रडवेला होऊन म्हणाला. "पन माज्याकडं नाय आला. ज्याच्या तोंडून गानं सुटलं, मान त्याचा."

दुसऱ्या दिवशी मानाचा नारळ गोदाच्या ओटीत पडला. महिपतला राग आला, लाजही वाटली. पण मान निदान घरात राहिला होता.

"बस हितं," तो चुलीपाशी टेकत म्हणाला. "शिकवतो तुला. मी म्हनतो, तू झील धर."

"लगीन झाल्यापास्नं मी दुसरं काय क्येलंय?" गोदा म्हणाली. "आता तुमी धरा."

तिने पहिली ओळ ठणठणीत घातली. महिपतने उठून दार लोटून घेतलं आणि झील धरली.